गच्ची गळतेय: केमिकल कोट, नवा कोबा की पत्रा? (कोल्हापूर, 900 चौरस फूट)

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी. कळंबा रोडला तळमजला अधिक एक असं घर आहे, वरचा स्लॅब 1998 चा. गच्ची 30 बाय 30, चारी बाजूंनी तीन फुटी कठडा. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे. त्यावर कधीतरी मारलेला पांढरा कोट आता ठिकठिकाणी सोलून निघालाय. पाणी जायला तीन इंची दोनच पाईप, दोन्ही पूर्वेला. सोलर आणि हजार लिटरची टाकी पश्चिमेच्या बाजूला.

खालच्या पश्चिमेकडच्या खोलीत छताला ओल आहे आणि पोपडे सुटलेत. एका जागी चार-पाच फूट लांब तांबूस रेघ उमटलीय, तिथला गिलावा पडून सळई दिसते. पाऊस थांबला तरी दोन-तीन दिवस टपटप चालूच असते.

तिघांकडून दर काढले. पहिला म्हणतो आहे त्यावर केमिकलचे दोन हात, 40 रुपये फुटाने 36,000. दुसरा आहे त्या कोब्यावरच तीन इंचाचा नवा कोबा घालतो म्हणतो, 110 रुपयांनी 99,000. तिसऱ्याचं म्हणणं सरळ पत्रा मारा, 220 रुपयांनी 1,98,000. दहा वर्षांची गॅरंटी तिघेही देतात, पण तोंडी. यातलं काय करावं? खरा खर्च किती धरावा?

ओळंबा

दुसरा पर्याय आधी यादीतून खोडा. कोब्याचं वजन घनमीटरला दोन टनांच्या आसपास असतं. तीन इंचाचा थर म्हणजे चौरस मीटरला 150 किलो, तुमच्या गच्चीवर एकूण साडेबारा टन. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 (भाग 2) या भारतीय मानकात धरायला सांगितलेला लाइव्ह लोडच (वापराचा भार) मुळी चौरस मीटरला 150 किलो आहे. माणसं, टाकी, साठलेलं पाणी यांच्यासाठी स्लॅबने जी ताकद राखून ठेवायची, ती सगळी नवा कोबा एकटाच खाऊन बसणार. तेही सळई गंजलेल्या स्लॅबवर. शिवाय जुना कोबा भिजलेलाच आहे, ते पाणी दोन थरांच्या मध्ये कोंडून खालीच उतरत राहील. असा दर देणाऱ्याकडून बाकीचंही कुठलं काम करून घेऊ नका, एवढं स्पष्ट सांगतो.

आता तांबूस रेघ. ती ओलीचा डाग नाही, सळईचा गंज आहे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणून खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. सळईखाली निदान 15 ते 20 मिमी काँक्रीटचं कव्हर हवं. जुन्या घरगुती कामांत कव्हर ब्लॉक न ठेवताच स्लॅब ओतलेले बरेच दिसतात, सळई जवळजवळ फळीवरच टेकलेली असते. अशा ठिकाणी वरून पाणी बंद केलं तरी गंजलेली सळई आपोआप बरी होत नाही. वरचं काम आणि खालचं काम असे दोन वेगळे खर्च धरा. त्या रेघेखाली पलंग किंवा पाळणा असेल तर आजच हलवा. पडणारा तुकडा एकेका वेळी पाच-दहा किलोचा असू शकतो.

पहिल्या आणि तिसऱ्या दरावर बोलायच्या आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा. खाली टपकतं त्याच्या बरोबर वरच भोक असतं असं समजू नका. पाणी कोब्याखालून उताराने फिरतं आणि स्लॅबला जिथे फट किंवा पोकळ काँक्रीट मिळेल तिथे उतरतं. पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस गळतं याचा बहुधा अर्थ एवढाच की कोबा भिजून गच्च आहे आणि तो सावकाश रिता होतोय. पण टाकी पश्चिमेलाच आहे, म्हणून तीही तपासा. रात्री टाकी भरा, सगळे व्हॉल्व्ह बंद करा, पातळीची खूण करा आणि सकाळी बघा. पाणी उतरलं असेल तर प्लंबर आधी, वॉटरप्रूफिंग नंतर.

मग एक फूटभर सळईचा तुकडा घेऊन अख्खी गच्ची ठोकत फिरा, दीड-दीड फुटावर. घट्ट कोबा टणक वाजतो, सुटलेला भदभद वाजतो. पोकळ जागा खडूने घेरून घ्या आणि त्यांचं क्षेत्रफळ मोजा. सगळा निर्णय त्या आकड्यावर आहे. पोकळ भाग 10-15 टक्क्यांच्या आत असेल तर डागडुजी करून वर कोट चालतो. एक तृतीयांशाच्या पुढे गेला की कोबा काढण्याला पर्याय नाही, वर कितीही भारी केमिकल मारा.

थापी_रंधा

ओळंबांनी सांगितलं ते बरोबर. मी पाईप आणि कोपऱ्यांचं सांगतो, कारण दहातल्या सात गच्च्या मधल्या मैदानातनं गळतच नाहीत, कडेनं गळतात.

ताई, तीन इंची दोन पाईप 900 फुटाला पुरत नाहीत. तासाला 100 मिमीचा पाऊस धरला तर चार इंची एक पाईप साधारण साडेचारशे फुटांचं पाणी ओढतो, तीन इंची त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे तुमचे दोन्ही मिळून निम्मी गच्चीच सांभाळतात. बाकीचं पाणी तुंबून कठड्याच्या बुडाशी उभं राहतं. त्यात आंब्याची पानं, कावळ्यानं आणलेली हाडं, पतंगाचा कागद, एवढं झालं की जाळी बंद. चार इंची तीन पाईप करा, त्यातला एक पश्चिमेला. एक तुंबला तरी दोन चालतात. जाळी सपाट घेऊ नका, घुमटाची घ्या. सपाट जाळीवर एक पान बसलं की संपलं.

पाईप बसवताना गवंडी एक चूक हमखास करतात. पीव्हीसी गुळगुळीत असतो, त्याला सिमेंट धरत नाही. पहिल्या उन्हाळ्यात पाईप आणि कोबा यांच्यात केसाएवढी फट पडते आणि पाणी पाईपच्या बाहेरून स्लॅबच्या भोकात जातं. पाईपचं बाहेरचं अंग पॉलिश पेपरनं खरवडायचं, सॉल्व्हंट सिमेंट फासून त्यावर कोरडी वाळू दाबायची आणि सगळं सुकू द्यायचं. मग भोक नॉन-श्रिंक ग्राउटनं (सुकताना न आखडणारा पातळ माल) भरायचं, साध्या मालानं नाही. पाईपभोवती दीड फूट बाय दीड फूट जागा आजूबाजूपेक्षा इंचभर खोल ठेवायची, म्हणजे पाणी तिथं आपण होऊन गोळा होतं. वर कडेला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची, म्हणजे लवचीक भरावाची, रेघ. एका पाईपला सगळं मिळून 1,500 ते 2,000 जातात, भिंतीवरनं खाली जाणारा पाईप वेगळा.

आता वाटा, म्हणजे कठड्याच्या बुडाशी मालानं केलेली गोलाई. कठडा आणि गच्ची जिथं मिळतात तिथं काटकोन ठेवायचाच नाही. उन्हात स्लॅब ताणतो आणि रात्री आखडतो. 30 फुटी स्लॅब 30 अंशाच्या फरकात जवळपास 3 मिमी लांबतो, कठडा त्याच्या हिशेबानं हलतो, आणि जोड तुटतो तो याच कोपऱ्यात. जुना गिलावा कठड्याच्या बुडाशी सहा इंच वरपर्यंत आणि गच्चीवर चार इंच फोडून काढायचा, फट छन्नीनं मोकळी करून सीलंट भरायचा, मग लॅटेक्स (सिमेंटला चिकटपणा देणारं रबरी द्रव) घातलेल्या 1:3 च्या (एक सिमेंट, तीन वाळू) मालानं चार इंची गोल वाटा. धावत्या फुटाला 50 ते 70 रुपये. तुमच्याकडं 120 फूट भरेल.

कठड्याचा माथा विसरू नका. आपल्याकडं पाऊस गगनबावड्याच्या अंगानं येतो आणि पश्चिमेची भिंत झोडपतो. माथ्याला आतल्या बाजूला ढाळ नसेल आणि भेगा असतील तर पाणी कठड्याच्या विटांतनं उतरून थेट स्लॅबच्या काठात जातं. गच्ची कोरडी ठणठणीत आणि खोलीचा कोपरा ओला, असं कोडं पडतं ते यामुळं. पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं उपटू नका. वरचं तुटतं, मूळ आत राहतं आणि दुप्पट जोमानं येतं. तेवढा गिलावा फोडून मुळासकट काढायचं.

कळंबा_रोड

उघडीप मिळाली म्हणून दोन्ही तपासण्या केल्या. टाकीची पातळी उतरली नाही. ठोकून पाहिलं तर पश्चिमेच्या कठड्यालगत आणि सोलरच्या पायांभोवती मिळून साधारण 80 चौरस फूट पोकळ वाजतं, बाकी टणक आहे. पश्चिमेला पाणीही साठून राहतं, सगळ्यात खोल ठिकाणी इंचभर. सोलरच्या स्टँडला कोब्यात भोकं पाडून बोल्ट मारलेत, दोन गंजलेत. आता?

ओळंबा

80 फूट म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास. कोबा वाचतोय. सोलरचे बोल्ट हे तर थेट आमंत्रण होतं. अशा वेळी स्टँड उचलून नऊ बाय नऊ इंचाचे काँक्रीटचे ठोकळे कोट झाल्यावर वर ठेवायचे आणि बोल्ट ठोकळ्यात मारायचे, स्लॅबपर्यंत पोचू द्यायचे नाहीत. ठोकळ्याखाली रबराचा तुकडा ठेवा. ठोकळे पुरेसे जड हवेत आणि चारही पाय त्यांना बांधलेले हवेत, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात सोलर उचललं जाईल.

खर्चाचा ढोबळ हिशेब देतो. मजुरी आणि मालासकट सध्या इकडे चालणारे दर धरलेत, माणसागणिक दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणार.

कोबा ठेवून डागडुजी:
पोकळ कोबा काढून परत भरणे, 80 फूट, 160 ने: 12,800
वाटा 120 धावते फूट, 60 ने: 7,200
पाईपची तोंडं तीन, 1,500 ने: 4,500
भेगा कापून भरणे, 60 धावते फूट धरले, 80 ने: 4,800
फायबरच्या जाळीसकट अ‍ॅक्रिलिक कोट, गच्ची अधिक कठड्यावर फूटभर, 1,020 फूट, 50 ने: 51,000
खालून स्लॅबची दुरुस्ती, 40 फूट धरले, 350 ने: 14,000
एकूण 94,300

कोबा काढून नवा करायचा झाला तर काढणं आणि वाहतूक 35 ने 31,500, स्लॅबवर सिमेंटवालं दोन भागांचं पॉलिमर कोटिंग 1,020 फूट 55 ने 56,100, वर नवा कोबा वाट्यासह 125 ने 1,12,500, पाईप 4,500, खालची दुरुस्ती 14,000. एकूण 2,18,600. यात मलबा किती निघतो ते कोणी सांगत नाही: साडेचार इंच सरासरीने 18-19 टन, सुटा झाल्यावर पाच ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) घरात, म्हणजे ट्रॅक्टरच्या पाच ट्रॉल्या. तो मलबा गच्चीच्या मधोमध ढीग करून ठेवू देऊ नका. फोडेल तसा रोजच्या रोज खाली.

पहिल्या ठेकेदाराचे 36,000 आणि माझ्या यादीतले 51,000 यांत फरक जाळीचा, कठड्यावरच्या फुटाचा आणि जाडीचा आहे. त्याच्या दरात वाटा, पाईप, पोकळ भाग, खालची सळई यातलं काहीच नाही. ते न करता वर रंग मारला तर पुढच्या आषाढात परत इथेच प्रश्न टाकावा लागेल.

पश्चिमेला साठणारं पाणी ही खरी अडचण. त्यासाठी सगळा कोबा बदलू नका. पश्चिमेला तिसरा पाईप घेतलात की तिथल्या पाण्याला पूर्वेपर्यंत 30 फूट जावंच लागत नाही. तसंही ढाळ शंभराला एक धरला तर 30 फुटांत 3.6 इंच चढ लागतो, दोन्हीकडे पाईप असले तर 15 फुटांत 1.8 इंच. म्हणजे नवा कोबा घालणाऱ्यांनीही लक्षात घ्या: पाईप वाढवले की कोब्याची जाडी उतरते, वजन आणि पैसे दोन्ही वाचतात.

काळा_रोल

अ‍ॅक्रिलिकऐवजी एपीपी (डांबराचा) मेम्ब्रेन का नको? 4 मिमीचा टॉर्चने चिकटवायचा रोल, फुटाला 85 ते 110. एकदा नीट बसला की अ‍ॅक्रिलिकपेक्षा जास्त टिकतो. पाणी साठत असेल तर अ‍ॅक्रिलिक मऊ पडून सुटतो, मेम्ब्रेनला साठलेल्या पाण्याचं काही वाटत नाही.

ओळंबा

मेम्ब्रेन चांगलाच आहे, पण भिजलेल्या कोब्यावर नाही. खालची ओल उन्हात वाफ होऊन वर येते आणि मेम्ब्रेनला फुगे धरतात. फुग्यावर पाय पडला की फाटतो. आणि एकदा फाटला की पाणी खाली कुठेही पळतं, भोक सापडता सापडत नाही. स्लॅबवर मेम्ब्रेन आणि त्यावर संरक्षक थर अशी रचना असेल तर तो उत्तम. उघडा ठेवायचा असेल तर खनिज चुऱ्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलाच घ्यावा, नुसता काळा उन्हाने तडकतो. जोडावर बाजूने चार इंच आणि टोकाला सहा इंच चढवायचा. रोल 1 बाय 10 मीटरचा, चढ वजा जाता नऊ चौरस मीटर मिळतात, म्हणून 1,020 फुटांना 11 रोल.

साठत्या पाण्याचा मुद्दा मात्र रास्त आहे. म्हणूनच आधी पाईप आणि खड्डे भरणं, मग कोट. तरीही पाणी राहतंय असं वाटलं तर तेवढ्या पश्चिमेच्या पट्ट्यात अ‍ॅक्रिलिकऐवजी पीयू कोट घ्या, फुटाला 100 ते 140.

ओल आहे की नाही ते कळायला हार्डवेअरच्या दुकानातला जाड प्लॅस्टिक कागद दोन बाय दोन फूट कापून कोब्यावर चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. आतून थेंब धरले असतील तर अजून थांबा, मग कोट कुठलाही असो.

थापी_रंधा

कोट मारायची पद्धत लिहितो, कारण बादली सगळ्यांकडं तीच असते, फरक हातात असतो.

जुना पांढरा कोट जेवढा निघेल तेवढा वायर ब्रश आणि पत्ती लावून काढायचा. सुटत आलेल्या कोटावर नवा मारला की दोन्ही मिळून निघतात. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरनं घासून दोनदा धुवायचं. डांबर मारलेलं असेल तर ते पूर्ण काढावं लागतं, त्यावर पाण्यातलं कुठलंच केमिकल धरत नाही. बारीक केसासारख्या भेगा कोटानंच मिटतात. नखाची कड जाईल एवढी भेग असली की ग्राइंडरनं 10 मिमी रुंद आणि तेवढीच खोल कापायची, धूळ फुंकायची, सीलंट. तिथं सिमेंटची पेस्ट भरणाऱ्यांना थांबवा. स्लॅब हलतोय, सिमेंट हलत नाही, परत तिथंच चिरतं.

पोकळ भाग चौकोनी कापून काढायचा, वेडावाकडा फोडून नाही. खाली स्लॅब लागला की ब्रशनं साफ, मग लॅटेक्स आणि पाणी समसमान घेऊन त्यात सिमेंट कालवून पळीवाढं करायचं आणि फासायचं. ते चिकट आहे तोवर माल पडला पाहिजे. वाळलं की तेच सांधा तोडतं, लावलं नसतं तर बरं झालं असतं असं होतं. विटांचे तुकडे रात्रभर भिजवलेले, पक्क्या भाजलेल्या विटांचे. पिवळट कच्ची वीट पाणी पिऊन भुगा होते. वर 1:3 चा पाऊण इंच थर. सात दिवस पाणी, मग वाळायला आठवडा तरी द्या.

कोट मारायची वेळ सकाळची, अकराच्या आत. तापलेल्या गच्चीवर मारला की वरचा पापुद्रा वाळतो, आतलं पाणी फोड आणतं. पहिला हात पातळ प्रायमरचा, किती पाणी घालायचं ते बादलीवर लिहिलेलं असतं तेवढंच. दुसरा हात ओला असतानाच फायबरची जाळी त्यात बुडवायची, जोडावर चार इंच चढवून. तिसरा हात आडव्या दिशेनं. कठड्यावर फूटभर चढवायचा, वाट्यावरनं. शेवटच्या हातानंतर निदान दोन दिवस कोरडे हवेत.

मालाचा हिशेब असा. खडबडीत कोब्यावर लिटरला 12 ते 15 फूट धरा, बादलीवरचा आकडा काचेसारख्या जागेचा असतो. 1,020 फुटाला 70-80 लिटर, म्हणजे 20 लिटरच्या चार बादल्या लागायलाच पाहिजेत. सीलबंद बादल्या मोजून घ्या आणि रिकाम्या घरीच ठेवून घ्या. दोन बादल्यांत काम उरकलं तर तिसरी बादली नळाची होती असं समजा.

नवा कोबा करणाऱ्यांसाठी पण एक माप: साडेचार इंच सरासरी कोब्याला शंभर फुटामागं साधारण 5 पोती सिमेंट जातं. 900 फुटाला 45 पोती आणि दोन ब्रास क्रश सँड. 25-30 पोत्यांत झाला तर तो कोबा नव्हे, भुसा. पातळ वॉटरप्रूफिंग औषध पोत्याला 200 मिली, जास्त घालून काही जास्त होत नाही.

शेड_पन्हाळा_रोड

पत्र्याच्या बाजूनं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. गच्ची वापरायची असेल, कपडे, वाळवण, तर शेड वाईट नाही. कोबा वाळतो, खोल्या थंड राहतात. पण ती गळतीची दुरुस्ती नव्हे. गंजलेली सळई तशीच राहते.

220 च्या दरात काय आहे ते विचारा. पत्रा 0.5 मिमी रंगीत की 0.35? बारकाईनं बघा, दोन्ही दुरून सारखेच दिसतात. स्क्रूला रबराचा वॉशर ईपीडीएमचाच हवा आणि स्क्रू पत्र्याच्या उंच कण्यावर, खळग्यात नाही. पश्चिमेला पत्रा कठड्याच्या बाहेर दीड फूट काढा, नाहीतर तिरका पाऊस आतच येतो. आणि खांबाच्या बेसप्लेटला स्लॅबमध्ये बोल्ट मारणार असतील तर सोलरचंच परत झालं. खांब कठड्यालगत, खाली आरसीसी कॉलम आहे तिथंच, छोटं पेडेस्टल करून. पन्हळीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडता कामा नये, भांडणं तिथूनच लागतात. महापालिकेत परवानगीचं आधी विचारून घ्या, उभी केल्यावर नाही.

ओळंबा

शेवटचा भाग, खालून स्लॅबची दुरुस्ती. हे काम वरून गळती पूर्ण थांबल्यावर आणि स्लॅब वाळल्यावरच. आधी केलंत तर नव्या मालाच्या मागे ओल राहते आणि वर्षभरात पुन्हा पोपडा. पीओपीचं छत करून झाकणं तर नकोच. गंज आत वाढत राहतो आणि पडतो तेव्हा पीओपीसकट पडतो.

फोडायच्या आधी त्या जागेखाली जॅकचे टेकू लावून घ्या, चार फुटांवर एक. सुटलेलं काँक्रीट छन्नीने काढायचं, सळईच्या मागे बोट जाईल एवढं, कारण गंज मागच्या बाजूलाही असतो. वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. व्हर्निअरने सळई मोजा: 8 मिमीची सळई 7 मिमीवर आली असेल तर लोखंड जवळजवळ पाव भाग गेलं, कारण क्षेत्रफळ वर्गाने घटतं. तिथे शेजारी नवी 8 मिमी सळई जोडावी लागते, चांगल्या भागावर दोन्हीकडे 16 इंच चढवून. मग झिंकचा प्रायमर, वाळल्यावर लॅटेक्सचा हात आणि पॉलिमर मॉर्टर. एका वेळी अर्धा-पाऊण इंचापेक्षा जाड थर डोक्यावर धरत नाही, दुसरा थर दुसऱ्या दिवशी. 350 चा दर साधारण इंचभर जाडीचा आहे. नव्या सळया लागल्या तर 450 पर्यंत जाईल. फोडल्यावर पोपडा 40 फुटांवर न थांबता 150-200 फुटांत पसरलेला निघाला, तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ते काम ठेकेदाराच्या अंदाजावर सोडायचं नाही.

कोणी नुसतं खालून नोझल मारून ग्राउटिंग (दाबाने पातळ माल आत भरणं) करतो म्हणाला, नोझलला 200-300 रुपये, तर ते काँक्रीटमधली पोकळी भरायला ठीक आहे. पण वरचं पाणी तसंच ठेवून खालचं तोंड बंद केलं तर पाणी स्लॅबमध्ये आडवं फिरतं आणि शेजारच्या खोलीत निघतं.

गॅरंटी लेखी घ्या. त्यात थरांची संख्या, मालाचं नाव, किती फूट मोजलं आणि गळल्यास किती दिवसांत येणार, हे लिहून हवं. पैसे तीन टप्प्यांत: सुरुवातीला 30 टक्के, कोट झाल्यावर 50, आणि उरलेले 20 पाणी भरून तपासल्यावर. पाईप कापडाने बंद करून दोन इंच पाणी 48 तास. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला 50 किलो, तुमच्या गच्चीवर चार टनांच्या वर. म्हणून ही तपासणी खालची सळई दुरुस्त होईपर्यंत सगळीकडे एकदम करू नका. विटा आणि मातीचा बांध घालून एक-एक चौथाई भरा, खाली टेकू असताना.

कळंबा_रोड

खूप आभार. पहिल्यालाच तुमची यादी देऊन नव्याने दर मागते. आता दोन गोष्टी राहिल्या: काम कधी काढू आणि पाऊस अजून महिनाभर आहे, तोवर काय करू? उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्या गच्चीवरच वाळतात, कोटावर चालतील का?

थापी_रंधा

दिवाळी झाली की सुरू करा. तोवर कोबा वाळलेला असतो, गवंडी मोकळे मिळतात. आधी वाटा, पाईप, पोकळ भाग, मग कोट, मग खालचं. मे महिन्यावर ढकलू नका, वळीव कधी येईल सांगता येत नाही आणि ओल्या कोटावर सर पडली की सगळं धुऊन जातं. गवंडी हजाराच्या आसपास आणि बिगारी सहाशे-सातशे घेतो. मजुरीवर स्वतः करून घेतलं तर थोडं वाचेल, पण देखरेखीला घरचं माणूस दिवसभर पाहिजे.

मिरच्या पांढऱ्या कोटावर थेट नकोत. डाग जात नाहीत आणि गोळा करताना पत्ती, खराटा लागून पापुद्रा निघतो. ताडपत्री अंथरून वाळवा, कडेला विटा ठेवताना खाली गोणपाट घाला.

आता महिनाभरासाठी: पाईपची तोंडं दर दोन दिवसांनी साफ. सोलरच्या गंजलेल्या बोल्टभोवती ओल्यात धरणारं झटपट सिमेंट दाबा, किलोभर पुरेल. पश्चिमेच्या पट्ट्यावर जाड ताडपत्री टाका, कठड्यावरनं बाहेर फूटभर सोडून, म्हणजे माथाही झाकला जातो. वर वाळूची पोती ठेवा, दगड नको, टोकानं फाटते. दोन ताडपत्र्या जोडायच्या झाल्या तर पश्चिमेची पूर्वेच्या वर दोन फूट चढली पाहिजे, उलटं केलं तर वारा आणि पाणी दोन्ही खाली शिरतं. पाईपच्या तोंडाच्या फूटभर अलीकडंच ताडपत्री संपवा.